शितावरून

ग्रिम्सबीत येऊन तिसरा आठवडा.
शेजारच्या मेव्हिस टास्करने
कुंपणावरून हात घालून माझी बादली धरली.
"आज नको. पलीकडच्या घरातला बोटीवर गेलाय.
आज कपडे धुतलेस तर समुद्र त्यालाही धुऊन नेईल."
ओल्या चादरी मी तशाच पिळून आत आणल्या,
आणि पुढची एकवीस वर्षं
लीड्सला, लेस्टरला, ज्याच्या घरी फराळ असेल त्याच्या घरी
चकली मोडता मोडता सांगत आले,
"ही माणसं ना, वरून विज्ञान,
आतून आपल्याहून भोळी."
लोक हसायचे.
"ही माणसं" म्हणताना माझा हात
खिडकीबाहेरच्या सबंध देशावरून फिरायचा.

एक बाई. एक बादली. एक मंगळवार.

आई म्हणायची, शितावरून भाताची परीक्षा.
त्या एका शितावर मी एकवीस दिवाळ्या जेवले.

मग माशांची फॅक्टरी बंद पडली
आणि मी सर्व्हेच्या कामाला लागले.
गळ्यात ओळखपत्र, बगलेत फळी,
अंगाचा धुरवलेल्या हॅडॉकचा वास काही जाईना.
सुपरवायझर ग्लेनिस म्हणाली,
"दार आपण निवडायचं नाही.
हसरं दार, कुत्रा नसलेलं दार, असलं काही नाही.
यादीत आहे तेच. बंद असेल तर परत जायचं.
सहा वेळा जायचं.
आणि ओळखीचं निघालं तर दुसऱ्याला द्यायचं."

प्रश्न चौदावा: शकुन-अपशकुन मानता का?
फार, थोडे, मुळीच नाही, सांगता येत नाही.

एक इलेक्ट्रिशियन "मुळीच नाही" म्हणाला
आणि चौकटीच्या लाकडावर दोनदा टकटक केली.
माझं पेन चौकोनावर थांबलं.
एका म्हाताऱ्या कप्तानाने मला आत बसवून
गोदीत पूर्वी किती बोटी असत ते मोजून दाखवलं,
बोटं संपली तेव्हा म्हणाला, "कसला शकुन, बाई?"
एका पोलिश मुलीने मलाच विचारलं,
"मी ह्या गावची धरायची का?"
दोघांनी दार आपटलं. एक सहाव्या खेपेला उघडलं,
आत बाळ रडत होतं, ती म्हणाली, "पटकन विचार."

एकसष्ट दारं.
"फार" म्हणणारे चार.

त्या रात्री भात उपसताना लक्षात आलं,
म्हण खोटी नाही.
एका आधणाचा, एका पातेल्यातला भात
शीत कुठलंही उचला, तेच सांगतं.
पण गाव तसं शिजत नाही.
तळाला करपलेलं, कडेला कच्चं,
आणि मी तर चाखलं होतं
झाकणाला चिकटलेलं शीत.

यंदाच्या फराळाला कोणीतरी म्हणालं, ती बादलीची गोष्ट सांग ना.
मी म्हटलं, एकसष्टांत चार.
कोणी हसलं नाही. चिवड्याचा डबा पुढे गेला.

मेव्हिसचं दार यादीत कधी आलंच नाही.
आलं असतं तरी मला चाललं नसतं.
म्हणून काल बिनकागदाचंच विचारलं.
"मी? छे गं," ती म्हणाली.
"सासू मानायची. निदान तसं दाखवायची.
तो बुडाला असता ना, तर गल्लीने
आपल्या दोघींच्या दोऱ्यांकडे बोट दाखवलं असतं.
बोलणी कोण खाणार?"

मग बिस्किटांचा डबा उघडून तिने स्वतःकडेच ओढला.
"तुमच्यात गुरुवारी चालत नाही ना,
मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

मी आयुष्यात उपास केलेला नाही.
आठवलं: तो पहिला गुरुवार, नवीन घर,
आणि माझी उजवी दाढ ठणकत होती.
दाढ केव्हाच काढली.
ह्या गल्लीत एकवीस वर्षं
गुरुवारी मला कोणी बिस्किट विचारलेलं नाही,
आणि मी मनात म्हणायचे,
कंजूष असतात ही माणसं.

चहा निवत होता.
मी हात लांब केला.